दुखणेकरी की अफूबाज? : वेदना, व्यसन आणि अफूचा कायदा

हिंदुस्थानातील अफूचा इतिहास बहुधा महसुलाचा व चीनशी चाललेल्या व्यापाराचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कलकत्त्याचे लिलाव, माळव्याची अफू, गाझीपूरचा कारखाना हे त्यातील नेहमीचे विषय. देशातल्या देशात खपणाऱ्या अफूकडे इतिहासकारांचे लक्ष त्यामानाने कमी गेले. आणि गेले तेव्हाही ती खाणारा मनुष्य एक तर औषध घेणारा रोगी किंवा कैफासाठी खाणारा व्यसनी, अशा दोनच वर्गांत बसविला गेला. वस्तुतः ज्याच्या अंगी दुखणे व सवय ही दोन्ही एकाच वेळी मुरली होती, असा तिसरा मनुष्य गावोगावी होता. ही सवय सोडू पाहिली की त्याचे दुखणे परत येई, आणि दुखण्यावर इलाज करू गेले की सवय परत येई. कायद्याने त्याला कोणत्या नावाने ओळखले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास ढाणकीसारखे गाव सोयीचे पडते. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील हे गाव पैनगंगेच्या उत्तरेस, म्हणजे वऱ्हाडाच्या दक्षिण सीमेवर येते. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, 1902 च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. पण नावाचे स्वामित्व निजामाचेच होते, आणि नदीपलीकडील मुलूख तर प्रत्यक्ष त्याच्याच अमलाखाली होता. त्यामुळे एका नदीच्या दोन तीरांवर अबकारीच्या दोन व्यवस्था नांदत होत्या. माणसांची दुखणी मात्र दोन्ही तीरांवर एकच होती. कपाशीची वेचणी, ज्वारीची कापणी, डोक्यावरची ओझी आणि पावसाळ्यातील चिखल यांनी कंबर व गुडघे धरतात. जंगलालगतच्या भागात हिवतापाची भर पडते. अशा शरीराला दिवसभर उभे ठेवण्यासाठी मोहरीएवढी अफूची गोळी घेणे यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना वावगे वाटण्यासारखे काही नव्हते.

वैद्यकाचाही या प्रथेला आधार होता. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत अफू नाही. ती पुढे शार्ङ्गधरसंहितेत ‘अहिफेन’ या नावाने येते आणि भावप्रकाशाच्या काळापर्यंत, म्हणजे सोळाव्या शतकात, औषधींमध्ये स्थिर झालेली दिसते. अतिसारावरील कर्पूररसात ती असते. युनानी हकिमांची तर ती जुनीच ओळखीची. युरोपात सेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फीन वेगळे केले, तरी खेड्यातील मनुष्याला त्याचा उपयोग नव्हता. ॲस्पिरिन बाजारात आले ते 1899 मध्ये. तोपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, जेथे दवाखाना नाही तेथे तीव्र वेदनेवर खात्रीचा उतारा अफू हाच होता. ती स्वस्त होती, टिकाऊ होती, आणि मक्तेदाराच्या दुकानात उघडपणे मिळत होती.

परंतु या उताऱ्याची एक खोड होती. रोज घेतल्या जाणाऱ्या अफूला शरीर सरावते; कालची मात्रा आज पुरत नाही. घेणे थांबविले की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, पोटऱ्यांत गोळे आणि सर्वांगात ठणका सुरू होतो. हा ठणका मूळच्या दुखण्याचा की तुटलेल्या सवयीचा, हे भोगणाऱ्याला सांगता येत नाही. पुष्कळदा वैद्यालाही येत नाही. 1870 मध्ये क्लिफर्ड ऑल्बट या इंग्रज वैद्याने मॉर्फीनची वारंवार सुई घेणाऱ्या आपल्या रोग्यांविषयी लिहिताना अशी शंका मांडली होती, की जी वेदना शमविण्यासाठी हे औषध दिले जाते तिलाच ते खतपाणी घालत असावे. दीर्घकाळ अफूवर्गीय औषधे घेतल्याने वेदनेची संवेदना उलट तीव्र होऊ शकते, हे पुढील काळातील संशोधनाने मान्य केले आहे. एका वैद्याच्या निरीक्षणाला शास्त्रात स्थान मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, ही गोष्ट अफूवरील वादात रोग्याचे ऐकणारे किती थोडे होते याची साक्ष देते.

तो वाद इंग्लंडात पेटला होता. अफूविरोधी मंडळींच्या रेट्यामुळे 1893 मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह व हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी गृहस्थ त्याचे सभासद होते. 1893–94 च्या हिवाळ्यात कमिशनने देशभर फिरून 700 हून अधिक साक्षीदार तपासले. 1895 चा त्याचा अहवाल सरकारला सोयीचा निघाला. माफक प्रमाणात अफू खाण्याने फारसा अपाय होत नाही, आणि तिचा औषधी व औषधेतर उपयोग इतका एकमेकांत गुंतलेला आहे की त्यांच्यामध्ये रेघ ओढणे व्यवहारात अशक्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हेन्री विल्सन या सभासदाने मात्र भिन्नमत नोंदविले, आणि चौकशीचा सारा रोखच अफूखात्याच्या बाजूने राहिल्याची टीका केली.

या निष्कर्षाची चेष्टा करणे सोपे आहे, आणि महसुलाचा हेतू त्यामागे होता हेही नाकारता येणार नाही. तथापि कमिशनचे निरीक्षण खरे होते. खोटे होते ते त्यातून काढलेले अनुमान. औषध आणि सवय यांत रेघ ओढता येत नाही, या एकाच वाक्यातून दोन मार्ग निघू शकत होते. अशा मनुष्यास एकाच वेळी वेदनेवर व सवयीवर इलाज मिळाला पाहिजे, हा एक. आणि रेघच नाही तर दुकाने चालू राहू द्यावीत, हा दुसरा. सरकारने दुसरा निवडला. 1878 च्या अफू अधिनियमाच्या चौकटीत दुकानांचे परवाने, विक्रीची तोळ्यांतील मर्यादा आणि लिलाव ही व्यवस्था तशीच चालू राहिली. या व्यवस्थेत ढाणकीच्या दुखणेकऱ्याचे नाव ‘गिऱ्हाईक’ एवढेच होते.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न राष्ट्रसंघापुढे गेला. वैद्यकीय व शास्त्रीय गरजेसाठी दर 10,000 लोकसंख्येस वर्षाकाठी सुमारे 6 शेर अफू पुरेशी असे माप ठरविण्यात आले, आणि ज्या भागांत खप याहून पुष्कळ अधिक होता ते ‘काळे प्रदेश’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मुंबई शहर त्यांपैकी एक होते. गिरणीत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना ‘बाळगोळी’ देऊन निजवीत, ही गोष्ट त्या काळच्या समाजसेवकांनी वारंवार पुढे आणली. आकड्यांच्या या हिशेबात एक उणीव होती. कोणत्या भागात अफू अधिक खपते हे त्याने कळे. ती का खाल्ली जाते हे कळत नसे. त्या प्रश्नाकडे गंभीरपणे वळले ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेतील रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी. अफू खाणाऱ्यांची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांनी दाखविले, की पुष्कळांची सवय एखाद्या दुखण्यावरील उपाय म्हणून सुरू झालेली असते. चैनीने सुरू झालेली व वेदनेने सुरू झालेली सवय सोडविण्याचा मार्ग एकच असू शकत नाही, हे या पाहणीतून ओघानेच निघत होते. 1930 च्या घातक औषधी अधिनियमात मात्र या भेदाला जागा मिळाली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने ठरविले, की प्रांतांना होणारा अफूचा पुरवठा दरवर्षी एकदशांशाने कमी करीत जावा आणि दहा वर्षांत, म्हणजे 31 मार्च 1959 पर्यंत, औषधेतर अफूसेवन बंद पाडावे. कागदावर ही उतरंड अत्यंत सुबक होती. मात्रा हळूहळू उतरवून सवय सोडविण्याचे वैद्यकातील तत्त्वच येथे अख्ख्या राष्ट्राला लावले होते. पण वैद्य मात्रा उतरवितो तेव्हा रोग्याकडे पाहून उतरवितो; येथे ती कोठारातील साठा पाहून उतरत होती. याच दहा वर्षांत ढाणकीवरील राज्यही बदलले. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत ते गाव मध्यप्रदेश राज्यात होते, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच दिवशी हैदराबाद राज्य मोडून नदीपलीकडील मराठवाडाही त्याच राज्यात सामील झाला. पैनगंगेवरील शंभर वर्षांची अबकारी सीमा अशी नाहीशी झाली, आणि अडीच वर्षांतच दोन्ही तीरांवरील उघड विक्री संपली. ज्यांची सवय सुटत नव्हती त्यांच्यासाठी वैद्यकीय दाखल्यावर नोंदणीची वाट ठेवली होती. त्यासाठी दाखला देणाऱ्या डॉक्टरापर्यंत पोहोचावे लागे, आणि खेड्यातील कंबर धरलेल्या म्हाताऱ्यास नेमके तेच सर्वांत अवघड होते. गिऱ्हाइकाचा आता ‘नोंदलेला व्यसनी’ झाला. त्याच्या कंबरेसाठी अफूऐवजी काय द्यावयाचे, याची तरतूद त्या उतरंडीत नव्हती.

14 नोव्हेंबर 1985 रोजी अमलात आलेल्या अमली औषधी व मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या अधिनियमाने जुने कायदे मोडीत काढले. अनेक गुन्ह्यांस किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आली. हा कायदा शहरांत पसरलेल्या हेरॉइनच्या, म्हणजे मराठीत ‘गर्द’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या पुडीच्या, विरोधात होता. पण त्याचा फास औषधी मॉर्फीनभोवतीही बसला. एका रुग्णालयास मॉर्फीन आणावयाचे तर निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. परिणाम असा झाला, की 1985 ते 1997 या काळात देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटला आणि 1997 मध्ये तो अवघ्या 18 किलोवर आला. जगातील औषधी अफूचा मोठा भाग जो देश कायदेशीरपणे पिकवीत होता त्याच देशातील कर्करोगी वेदनेने तळमळत होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने 1986 हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसूझा यांनी मरणोन्मुख कर्करोग्यांसाठी शांती आवेदना हे आश्रयस्थान उघडले. आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने, अखेरीस मॉर्फीनपर्यंत, जाणारी उपचारपद्धती प्रसिद्ध केली. एका संस्थेचे काम अफूच्या वंशजांपासून माणूस सोडविण्याचे, दुसरीचे वेदनेपासून सोडविण्याचे. दोन्ही कामे थोर होती, आणि दोन्हींची गरज इतकी तातडीची होती की दोन्ही पीडांनी एकदम गाठलेल्या मनुष्याचा निराळा विचार करण्यास त्या काळी कोणाला उसंत असणे कठीण होते. त्या मनुष्याची अडचण मात्र साधी नव्हती. व्यसनातून सुटलेल्यास पुन्हा घसरू नये म्हणून नाल्ट्रेक्सोनसारखे औषध दिले, तर अपघातात हाड मोडल्यावर त्याला नेहमीच्या वेदनाशामकाचा गुणच येत नाही. उलट काहीच दिले नाही, तर असह्य वेदना हेच त्याच्या पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे कारण ठरते.

यातून मार्ग निघाला तो पूर्ण त्याग किंवा पूर्ण मोकळीक या दोन टोकांच्या मधून. ब्युप्रेनॉर्फीन व मेथाडोन ही औषधे तलफ शमवितात आणि त्यांना वेदनाशामक गुणही आहे. तलफेसाठी दिवसाची मात्रा एकदाच देतात. दुखणे असेल तर तीच तीन-चार वेळा विभागून दिली जाते, कारण वेदनेवरचा त्यांचा परिणाम तलफेवरच्या परिणामाहून लवकर ओसरतो. त्याला अफूवर्गाबाहेरील औषधे, व्यायाम, शेक आणि घरच्या माणसाच्या हाती ठेवलेली मोजकी मात्रा यांची जोड दिली जाते. कायद्याने या दिशेने पाऊल टाकले ते 2014 च्या दुरुस्तीने. मॉर्फीन, मेथाडोन इत्यादी ‘अत्यावश्यक अमली औषधां’साठी राज्याराज्यांचे परवाने जाऊन देशभर एकच नियम आला, आणि व्यसनी मनुष्याच्या संदर्भात ‘उपचार’ या शब्दाशेजारी ‘व्यवस्थापन’ हा शब्द घातला गेला. 1895 च्या अहवालाने ज्या गुंतागुंतीचा केवळ निमित्त म्हणून उपयोग केला होता, ती कायद्याच्या भाषेत कर्तव्य म्हणून प्रथम उमटली ती येथे.

एप्रिल 2018 मध्ये ट्रॅमाडॉल हे औषध याच अधिनियमाखाली आणले गेले. तोपर्यंत ते कंबर व गुडघ्यांच्या दुखण्यावर सर्रास दिले जात होते, आणि ज्यांना ते दिले गेले त्यांतील काहींना त्याची सवय जडली होती.