स्वस्त आणि चांगला कॅमेरा : खानदेशातून पाहिलेला इतिहास

विज्ञान मंडळासाठी, सहलीसाठी किंवा निव्वळ हौसेसाठी एक बरा कॅमेरा घ्यायचा आहे, पण खिशाला परवडला पाहिजे. मग कोणता घ्यावा? शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न अधूनमधून निघतोच. त्यावर मिळणारी उत्तरे बहुधा दोन प्रकारची असतात : एखाद्या कंपनीचे नाव, नाहीतर मेगापिक्सेलचा आकडा. या दोन्हींनी फारसा बोध होत नाही. प्रश्न मात्र नवा नाही. कॅमेरा या वस्तूइतकाच तो जुना आहे, आणि जळगाव-धुळे या आपल्या भागात तो कसकसा सुटत गेला ते पाहिले, तर आज दुकानात उभे राहून काय विचारायचे याचाही थोडा उलगडा होतो.

भुसावळला रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याची नेमणूक केली. १८७९ मध्ये तो वारला. त्याची आणि पारोची कहाणी ना. धों. महानोरांच्या दीर्घकवितेमुळे घरोघरी पोचली आहे, तेव्हा तिच्यात आपण शिरायला नको. आपल्याला रस आहे तो त्याच्या कॅमेऱ्यात. गिलने वर्षानुवर्षे खपून तैलरंगात केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. त्याने काढलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे मात्र उरली, कारण ती १८६४ सालीच पुस्तकरूपाने छापली गेली होती.

ही छायाचित्रे स्टिरिओ पद्धतीची, म्हणजे एकाच देखाव्याची शेजारी शेजारी ठेवलेली दोन चित्रे. त्यातले प्रत्येक चित्र जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंद. त्या काळी चित्र मोठे करण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. जेवढी काच, तेवढेच चित्र. म्हणून ३०-४० सेंटिमीटरच्या काचा वापरणारे छायाचित्रकारही होते. मग लहान काच घेऊन काय साधत होते? पुष्कळ काही साधत होते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी शोधलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्राव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची, असा सगळा दहा-पंधरा मिनिटांचा मामला असे. कलोडियनमधला ईथर उन्हाळ्यात किती भराभर उडत असेल, हे खानदेशच्या माणसाला सांगायला नको. लहान काच हाताळायला सोपी, रसायन कमी लागणारी. शिवाय तिला कमी नाभीय अंतराचे भिंग पुरते. अशा भिंगाचे छिद्र बऱ्यापैकी मोठे ठेवले तरी जवळचे खांब आणि दूरची मूर्ती दोन्ही स्पष्ट येतात, त्यामुळे काच उघडी ठेवण्याचा वेळही कमी लागतो. अर्थात लेण्यांतल्या भिंतींवरचे लाल-पिवळे रंग टिपणे या पद्धतीच्या आवाक्याबाहेरचे होते. कलोडियन निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच काय तो दाद देत असे.

इथे इतिहासाचे पहिले सूत्र हाती लागते. प्रकाश झेलणारा पृष्ठभाग लहान केला, की छायाचित्रण स्वस्त आणि सोपे होते. गिलनंतरची दीडशे वर्षे हेच घडत आले आहे.

हौशी लोकही तेव्हापासूनच होते. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी संबंधित होते. (चाळीसगावजवळच्या पाटण्याचा, भास्कराचार्यांच्या वंशाची माहिती देणारा शिलालेख उजेडात आणणारे ते हेच भाऊ दाजी.) पण ही हौस डॉक्टर, वकील, अधिकारी यांना परवडणारी होती. मास्तरांना परवडेल असा कॅमेरा आला तो काचेची जागा गुंडाळीच्या फिल्मने घेतल्यावर. १९०० साली ईस्टमन कोडॅकने 'ब्राउनी' हा पुठ्ठ्याच्या पेटीचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. आपल्याकडे घराघरात पोचला तो आग्फाचा 'क्लिक थ्री'. त्यात ६ x ६ सेंटिमीटरची बारा चित्रे निघत. ऊन आणि ढगाळ एवढ्याच दोन खुणा, फोकसची भानगड नाही. अंगणात उन्हात उभे केलेले कुटुंब त्यात छान येई. घरात शिरले, की संपले.

त्यापुढची पायरी सिनेमाच्या फिल्मची. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने २४ x ३६ मिलिमीटरची चौकट रूढ केली. आरसा वापरून, भिंगातून येणारेच दृश्य डोळ्याला दाखवणारे 'सिंगल लेन्स रिफ्लेक्स' म्हणजेच एसएलआर कॅमेरे याच फिल्मवर वाढले. जर्मनीचा किने एक्झाक्टा १९३६ चा. चित्र घेतल्यावर लगेच जागेवर येणारा आरसा १९५४ मध्ये जपानच्या आसाहीने आणला. १९५९ चा निकॉन एफ हा त्या पिढीतला नमुना. आपल्या देशात असे कॅमेरे आयातीच्या बंधनांमुळे दुर्मीळ आणि महाग होते. शिवाय कॅमेरा मिळाला तरी फिल्मचा खर्च सुटत नसे. उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म असो की परदेशी, दर वेळी बटण दाबताना पैसे मोजावे लागत.

आता चाळीसगावला येऊ. केकी मूस (१९१२–१९८९) हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. इंग्लंडमध्ये शेफील्डला कलेचे शिक्षण घेऊन ते १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परतले, आणि पुढची सुमारे पाच दशके रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरातून क्वचितच बाहेर पडले. त्यामागच्या कारणांच्या कथा गावात पुष्कळ आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की घरात बसून काढलेल्या त्यांच्या छायाचित्रांना देशोदेशीच्या प्रदर्शनांत पारितोषिके मिळाली. त्यांचा खास प्रकार 'टेबलटॉप'. या प्रकारात टेबलावर लहानसहान वस्तू मांडून असा देखावा रचतात, की चित्रात तो खराखुरा, भव्य भासावा. वाळकी काटकी झाड होते, दगड डोंगर होतो.

कॅमेऱ्याच्या निवडीचा विचार करताना मूस यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते, आणि ते 'कॅमेरा महत्त्वाचा नसतो, नजर महत्त्वाची' या नेहमीच्या गुळगुळीत वाक्यासाठी नव्हे. कॅमेरा महत्त्वाचा असतोच. पण कुठे असतो आणि कुठे नसतो, हे टेबलटॉप चित्रातून फार चांगले कळते. वस्तू हातभर अंतरावर असली, की फोकसमध्ये राहणारी खोली फार थोडी उरते. पुढची काटकी स्पष्ट आली तर मागचा दगड अस्पष्ट होतो, आणि हा खेळण्यांचा पसारा आहे हे पाहणाऱ्याला ताबडतोब कळते. उपाय एकच : छिद्र बारीक करायचे. छिद्र बारीक केले की प्रकाश कमी, मग शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते. टेबलावरचे दगड हलत नाहीत, तेव्हा दहा सेकंद लागले तरी बिघडत नाही. दिवा एकच आणि दूर ठेवला, तर सावल्या सूर्यप्रकाशातल्यासारख्या समांतर पडतात. दिवा जवळ आणला की त्या पंख्यासारख्या फाकतात, आणि फसवणूक उघडी पडते. (आठवी-नववीच्या वर्गात खडू उभे करून हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.) थोडक्यात, वेळ आणि उजेड दोन्ही ज्याच्या हातात आहेत, त्याला वेगवान शटर, मोठ्या छिद्राचे भिंग, अतिसंवेदनशील फिल्म यांपैकी काहीच लागत नाही. एक भक्कम तिकाटणे मात्र लागते.

वेळ आणि उजेड हातात नसतील तेव्हा? स्नेहसंमेलनातले नाटक, संध्याकाळचा पक्षी, धावण्याची शर्यत : इथे कॅमेऱ्याची किंमत बोलू लागते. का, ते डिजिटल युगात अधिक स्पष्ट झाले.

प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो मोजणारी सीसीडी ही चकती बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये कल्पिली. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी तिच्यापासून पहिला हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात १०० x १०० बिंदूंचे चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉनच्या एसएलआरला सेन्सर जोडला. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात, आणि साठवणीची पेटी खांद्याला अडकवून फिरायची. निकॉनचा डी-१ (१९९९) पाच-साडेपाच हजार डॉलरपर्यंत उतरला. आणि २००३ मध्ये कॅननचा ३००डी भिंगाशिवाय ९०० डॉलरला आला. हौशी माणसाचा डीएसएलआर तिथून सुरू होतो.

ही किंमत कशी उतरली? पुन्हा तेच गिलचे सूत्र : पृष्ठभाग लहान केला. सेन्सर ज्या सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापतात, तिच्यावर दोष विखुरलेले असतात. तुकडा जेवढा मोठा, तेवढी त्यात दोष सापडण्याची शक्यता जास्त, आणि एका चकतीतून निघणारे तुकडेही कमी. त्यामुळे किंमत क्षेत्रफळापेक्षाही वेगाने वाढते. जुन्या फिल्मच्या चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. स्वस्त डीएसएलआरमधला सेन्सर (निकॉनचा सुमारे २३.५ x १५.६ मिलिमीटर) ३६७ चा. त्याच काळातल्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांत बहुधा २५ चौरस मिलिमीटरचाच तुकडा असे.

क्षेत्रफळ घटल्याने काय गमावते? प्रकाशकण. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने पावसाच्या थेंबांसारखा अनियमितपणे पडतो. एखाद्या बिंदूवर सरासरी १०,००० फोटॉन पडले, तर त्यात वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा चढउतार होतो : एक टक्का. १०० च पडले, तर चढउतार १० चा : दहा टक्के. अंधाऱ्या चित्रातले दाणेदारपण ते हेच. आता ३६७ भागिले २५ केले, तर जवळजवळ १५ येतात. भिंगाचे छिद्र-प्रमाण आणि वेळ तेच ठेवले, तर डीएसएलआर पंधरापट प्रकाश गोळा करतो. त्याची खरी किंमत इथे होती; आरसा आणि खटका हा मागाहूनचा भाग. मेगापिक्सेल वाढवून यातले काहीच भरून निघत नाही.

मेगापिक्सेल किती पुरतात, ते धुळ्याचे उदाहरण घेऊन पाहू. तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात (स्थापना १९२७) किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात जशी हस्तलिखिते जपली आहेत, तसे जुने कागद शाळेच्या किंवा गावच्या दप्तरातही निघतात आणि त्यांची प्रत काढावीशी वाटते. सहा मेगापिक्सेलच्या जुन्या निकॉन डी-७० ने ए-४ आकाराचा कागद टिपला, तर ३००८ बिंदू सुमारे ३० सेंटिमीटरवर पसरतात, म्हणजे दर मिलिमीटरला दहा. बोरूची रेघ मिलिमीटरभर जाड धरली, तरी तिच्या रुंदीत दहा बिंदू आले. अक्षर वाचायला ते भरपूर आहेत. अशा कामात पैसे घालायचेच तर दोन बाजूंनी ४५ अंशांत ठेवलेल्या दोन सारख्या दिव्यांवर घालावेत.

आज चित्र पुन्हा पालटले आहे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत तोच सेन्सर बसू लागल्यावर मोठ्या कंपन्यांनी डीएसएलआरकडे पाठ फिरवली. निकॉनचा शेवटचा प्राथमिक डीएसएलआर डी-३५०० हा २०१८ चा, आणि २०२२ मध्ये तोही बंद झाला. सोनीने आपली ही शाखा २०२१ मध्ये आटोपली. फक्त पेंटॅक्स निष्ठेने आरशाला धरून आहे. मोबाईलने दिवसाची चित्रे काबीज केली, ती अनेक चित्रांची बेरीज करून. पण हलणाऱ्या पक्ष्यापुढे ही बेरीज अडखळते. या सगळ्याचा हौशी माणसाला फायदा असा, की वापरलेले डीएसएलआर भरपूर आणि स्वस्त झाले आहेत. आरशातून दिसणाऱ्या दृश्याला वीज लागत नाही, त्यामुळे डी-३५०० सारखा कॅमेरा एका चार्जमध्ये दीड हजारांच्या आसपास चित्रे काढतो. सहलीला आणखी काय हवे?

असा कॅमेरा घेताना पैशांची वाटणी कॅमेऱ्यापेक्षा भिंगाच्या बाजूने झुकलेली बरी. सोबत मिळणारे १८-५५ चे भिंग लांबच्या टोकाला एफ/५.६ असते. ५० मिलिमीटर एफ/१.८ हे साधे, स्वस्त भिंग त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. स्नेहसंमेलनाला तेच कामाचे. मात्र भिंग कोणत्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस होते ते विचारून घ्यावे. निकॉनच्या डी-४० पासूनच्या स्वस्त कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, तिथे जुनी भिंगे हाताने फिरवावी लागतात.

वापरलेला कॅमेरा जागेवरच तपासता येतो. भिंगातून विजेरीचा झोत टाकून बुरशीचे जाळे दिसते का पाहावे. आपली हवा कोरडी, पण भिंग कोकणातून आलेले असू शकते. काळ्या मातीची धूळ मात्र आपलीच : छिद्र एफ/१६ करून आकाशाचे चित्र घेतले, की सेन्सरवरचे कण डागांसारखे उमटतात. शटर किती वेळा चालले ते विचारावे. प्राथमिक कॅमेऱ्यांचे शटर लाखभर वेळांच्या हिशेबाने बनवलेले असते. शेवटी भिंगाला झाकण लावून तीस सेकंदांचे चित्र घ्यावे. ते काळेकुट्ट यायला हवे. त्यात जे लाल-निळे ठिपके चमकतात ते सेन्सरमधल्या गळक्या बिंदूंचे. ही गळती दर सहा ते आठ अंशांना दुप्पट होते, म्हणजे जानेवारीतल्या २५ अंशांपेक्षा मे महिन्यातल्या जळगावच्या ४५ अंशांना सहा ते दहापट. तेव्हा ही तपासणी मे महिन्यात, भर दुपारी करावी.