हरळी, दूर्वा आणि लॉन

अलीकडं खानदेशात लग्नाची पत्रिका हाती आली, की मंगल कार्यालयाच्या जागी पुष्कळदा 'अमुक लॉन्स' असं छापलेलं दिसतं. लॉन म्हणजे मुळात कापून, निगा राखून मऊ केलेली हिरवळ. ती राखणं हा एक स्वतंत्र धंदा आहे आणि त्याला इतिहासही आहे. जळगावच्या शेजारी असलेल्या असोद्यासारख्या गावातल्या तरुणानं हा लहानसा धंदा काढायचं मनात आणलं, तर त्याच्या गाठीला काय आहे? त्या इतिहासाच्या आधारानं आज हे पाहू.

पहिली गोष्ट गवताची. आपल्याकडं हिरवळीसाठी वर्षानुवर्षं लावलं जाणारं गवत कोणतं म्हणाल? आपली हरळीच! काळ्या रानात ती शिरली, की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. कुदळीनं खणा, वखर घाला. एखादं कांडं मागं राहिलं तरी पावसाबरोबर ती पुन्हा डोकं वर काढते. तीच हरळी गणपतीला वाहिली की दूर्वा होते, आणि बंगल्यापुढं कापून राखली की लॉन होतं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तिचं नाव एकच आहे, सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे शहरातला माणूस ज्यासाठी पैसे मोजतो, त्या गवताचा स्वभाव आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट यंत्राची. इंग्लंडातल्या सरदार-जमीनदारांच्या वाड्यांपुढं मोठमोठी हिरवळ असे. ती मेंढरं चारून आखूड ठेवीत, नाहीतर मजूर लांब दांड्याच्या विळ्यांनी कापीत. दहिवर असताना पातं चांगलं चालतं, म्हणून हे मजूर पहाटेच कामाला लागत. साहजिकच, ज्याला इतकी माणसं पोसता येतील त्याच्याच दारी हिरवळ दिसे. मग 1830 साली एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं गवत कापायचं यंत्र काढलं. त्याला ते सुचलं लोकरीच्या कापडाच्या गिरणीत. विणलेल्या कापडावरचं कुसर छाटायला तिथं गोल फिरणारी पाती असत. कापडावरचं कुसर छाटतं, ते जमिनीवरचं गवत का छाटणार नाही, हा त्याचा विचार. जळगावातही एकोणिसाव्या शतकातच गिरणी उभी राहिली, त्यामुळं अशी नजर कुठून येते हे आपल्याला सांगायला नको. दोनच वर्षांनी, 1832 साली, इप्सविचच्या रॅन्सम कारखान्यानं ही यंत्रं करायला घेतली. हा कारखाना मूळचा नांगर करणारा! यंत्र आलं आणि दहा मजुरांचं काम एकदोघांच्या आवाक्यात आलं. लहान माणसाच्या धंद्याची वाट इथून मोकळी झाली.

तिसरी गोष्ट माणसाची, आणि ती विसरता येत नाही. इंग्रजांबरोबर हिरवळ आपल्या जिमखान्यांत आणि क्रिकेटच्या मैदानांत आली. 1890 नंतरच्या काळात पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात पाळवणकर बाळू नावाचा तरुण महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, रेघा आखायच्या, जाळी उभारायची, हे त्याचं काम. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा तयार झाला, की 1911 साली हिंदुस्थानच्या संघातून इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. तरी जातीनं चांभार म्हणून पुण्यात खेळताना त्याला चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिरवळ राखणाऱ्या हातांना कसब होतं, मान मात्र नव्हता. आज हा धंदा करणाऱ्यानं पहिली गोष्ट ठरवावी ती हीच: मी कसबाचे पैसे घेतो, मेहेरबानीचे नाही.

आता सुरुवात कशी करावी? हातानं ढकलायचं एक यंत्र, खुरपं, दंताळं, कात्री, पाण्याची नळी आणि हिशेबाची वही. एवढ्यावर दोनचार बंगले किंवा एखादं शाळेचं आवार महिन्याच्या बोलीवर घ्यावं. बोली गुंठ्यावर करावी, अंदाजावर नको. नवी हिरवळ करायची तर पावसाळ्याआधी जमीन फूटभर खणून दगड-मुळ्या वेचाव्यात, कुजलेलं शेणखत मिसळावं, सपाटी करावी आणि पावसाच्या सुरुवातीला हरळीची कांडं चारचार बोटांवर लावावीत. पुढं कापताना उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नये. पातं बोथट असलं तर गवत फाटतं आणि शेंडे पिवळे पडतात.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. गुरुजींनी हे गणित मुलांना जरूर घालावं. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. त्यावर पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे पाचशे लिटर लागलं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो आणि बायाबापड्या हंड्यासाठी रांगेत उभ्या राहतात. तेव्हा दारच्या गवतावर रोज एवढं पिण्याचं पाणी ओतणं कुणाच्याही मनाला पटणार नाही. इथंच शेतकऱ्याचं शहाणपण उपयोगी पडतं. हरळी उन्हानं वाळली तरी मरत नाही. ती जमिनीत दबून राहते आणि पहिल्या पावसाला हिरवी होते. म्हणून प्रामाणिक धंदेवाल्यानं गिऱ्हाईकाला आधीच सांगावं, "वैशाखात हिरवळ पिवळी पडेल, पडू द्या. न्हाणीघराचं सांडपाणी गाळून देता आलं तर देऊ." असं सांगणाऱ्याचं एखादं काम जाईल, पण एकदा बसलेला विश्वास जायचा नाही.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शेताच्या कामातून आलेलं त्यांचं ज्ञान 1952 साली पुस्तकरूपानं निघालं आणि सगळ्या महाराष्ट्रानं ते डोक्यावर घेतलं. हरळी ओळखणं, ओल पाहणं, विळ्याला धार लावणं हेही ज्ञानच आहे. गावातल्या तरुणानं ते कमी लेखू नये. भांडवलाची जमवाजमव मागाहून होईल. हे भांडवल त्याच्या घरात आधीपासून आहे.