इतवारीची हमाली आणि हमालाची पाठ

नागपूरची इतवारी ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि धान्य-किराण्याची आवक वाढली. रूळ मात्र दुकानाच्या दारापर्यंत येत नव्हते. वाघिणीतून बैलगाडीत, गाडीतून गोदामात, गोदामातून दुकानात असे एकच पोते अनेकदा उचलावे लागे. किराणा ओळीसारख्या अरुंद भागात तर हातठेला आणि हमालाची पाठ यांवाचून माल हलत नसे.

या कामातले दुखणे समजून घ्यायचे तर आधी पोत्याकडे पाहावे लागते. दशमान पद्धत आल्यावर धान्याचा भाव क्विंटलवर ठरू लागला आणि 100 किलोचे तागाचे पोते हिशेबाला सोयीचे झाले. हा आकडा व्यापाराच्या सोयीचा होता. तो पेलणाऱ्या शरीराचा विचार त्यात नव्हता. दोघांनी पोते उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे, त्याने कंबरेत वाकून ते थप्पीपर्यंत न्यायचे, ही रीत. वाकलेल्या स्थितीत कण्याच्या खालच्या मणक्यांवर आणि त्यांमधल्या चकत्यांवर फार मोठा दाब येतो. ओझे डोक्यावर असेल तर तो मानेवर येतो, आणि फळीवरून ट्रकमध्ये चढताना गुडघ्यांवर. मजुरी नगावर असल्याने विसावा म्हणजे बुडालेली कमाई. म्हणून उसण भरली तरी शेक घेऊन, तेल चोळून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येई.

ओझेकऱ्यांच्या शरीराची ही झीज वैद्यकाला नवी नव्हती. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्येच व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात हमालांच्या दुखण्यांची नोंद केली होती. कायद्याला मात्र ती दिसायला फार वेळ लागला. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा भर अपघातांवर आणि मोजक्या व्यवसायजन्य रोगांवर होता. वर्षानुवर्षे हळूहळू झिजणारी कंबर त्यात बसत नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये ओझ्याविषयीचा करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली. भारताने या कराराला मान्यता दिली ती 2010 मध्ये.

महाराष्ट्रात त्याआधीच मोठे पाऊल पडले होते. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. त्या काळातील लढ्यांतून 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. मजुरीसोबत मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि वैद्यकीय मदत देणारी मंडळे त्यातून निघाली. हा या कष्टकऱ्यांचा खरा विजय होता. पण लाभ नोंदणीवर अवलंबून राहिला. रोजंदारीवर बोलावलेला सुटा हमाल बाहेरच उरला.

पुढे शेतमालाची बरीच उलाढाल कळमना येथील बाजार समितीच्या आवारात गेली, इतवारीत किराणा आणि इतर घाऊक व्यापार राहिला. 50 किलोचे कट्टेही रूढ झाले. मणक्यावरचा एका खेपेचा भार त्यामुळे निम्मा झाला, पण तेवढ्याच मालासाठी खेपा दुप्पट झाल्या.