विमानतळ आपत्कालीन योजना

विमान अपघात, आग, अपहरण किंवा बॉम्बची धमकी अशा प्रसंगी विमानतळावर व लगतच्या परिसरात कोणी काय करावे, हे आगाऊ ठरवणारी लेखी योजना. तिचा आधार शिकागो कराराचे (१९४४) परिशिष्ट १४ असून भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्यावर देखरेख ठेवते (पहा : आपत्ती व्यवस्थापन).

दृश्यमानता चांगली असताना अग्निशमन पथकाने चालू धावपट्टीच्या कोणत्याही ठिकाणी तीन मिनिटांत पोहोचून फेस मारू लागावे, ही मूळ अट. पथकाचा वर्ग विमानाची लांबी व धडाची रुंदी यांवरून ठरतो, सु. २७ मी. लांबीचे एटीआर ७२ पाचव्या वर्गात मोडते. मनोरा, बंब व रुग्णवाहिका यांच्याकडे चौकटी आखलेला एकच नकाशा असतो; ठिकाण अक्षर व अंकाने सांगितले जाते. जखमींना चिठ्ठ्या बांधतात : तातडीच्या उपचारांसाठी लाल, थोडे थांबू शकणाऱ्यांना पिवळी, किरकोळ जखमींना हिरवी, मृतांना काळी. पूर्ण सराव दोन वर्षांतून किमान एकदा घ्यावा लागतो.

सज्जतेत अडथळे हटवणेही येते, आणि सोलापुरात चर्चा झाली ती त्याचीच. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या हवाई मार्गात येणारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी दीर्घ वादानंतर १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली (पहा : सोलापूर शहर). त्यानंतर तेथून गोव्याची नियमित विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली.