चेरोकी पर्पल: एका काळ्या टोमॅटोचा कागदोपत्री पुरावा

परसबागेत काळे टोमॅटो लावायची हौस असणाऱ्यांना 'चेरोकी पर्पल' हे नाव नवीन नाही. खूप जुना, आदिवासींनी जपलेला वाण, अशी त्याची ख्याती. आता इतिहास म्हणून आपण काय विचारायचं? पुरावा कुठला, हे विचारायचं.

कागदावर हा वाण पहिल्यांदा दिसतो तो १९९० साली, आणि तोही टपालाने आलेला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सेव्हियरव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या जॉन ग्रीन यांनी क्रेग लेहूलियर यांना थोडं बी पाठवलं. लेहूलियर पेशाने रसायनशास्त्रज्ञ, छंद जुने टोमॅटो जमवण्याचा. सोबतच्या पत्रात होतं की हा जांभळा टोमॅटो साधारण शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून आलेला आहे. वाणाला नाव नव्हतं. ते लेहूलियर यांनी ठेवलं.

शंभर वर्षं मागे, म्हणजे १८९० च्या आसपास. इथे एक अडचण येते बघा. चेरोकींना अमेरिकी सैन्याने १८३८ मध्येच बळजबरीने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हाकललं होतं. त्या वाटेवर हजारो माणसं मेली. मग पन्नास वर्षांनी टेनेसीच्या शेजाऱ्यांना बी देणारे चेरोकी आले कुठून? तर सगळे गेले नव्हते. काही कुटुंबं पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात राहिली, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, सेव्हियरव्हिलहून डोंगर ओलांडला की पलीकडेच. म्हणजे पत्रातली हकीकत शक्य कोटीतली आहे. सिद्ध मात्र नाही. मला खटकतं ते हे, की बी देणाऱ्याचं नाव या हकिकतीत नाही. घेणाऱ्यांची आठवण आहे, देणारे नुसते 'चेरोकी'. आणि बियांच्या पाकिटांवर येईपर्यंत त्या आठवणीतला 'म्हणे' गळून जातो.

झाड काही साक्ष देतं का? थोडी देतं. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा आपल्याच परागांनी फळतं, त्यामुळे घरचं बी धरत गेलं तर वाण पिढ्यान् पिढ्या टिकतो. फळ पिकताना एरवी हिरवं द्रव्य नाहीसं होतं. या वाणात ते उरतं, लालात मिसळतं, म्हणून हा काळपट रंग. पण १९९५ मध्ये लेहूलियर यांच्याच बागेत याच बियांतल्या एका झाडाला चॉकलेटी फळं लागली. साल रंगहीन असायची ती पिवळी निघाली, एवढाच फरक. त्याला त्यांनी 'चेरोकी चॉकलेट' म्हटलं. पाच वर्षांत जर एवढं होतं, तर १८९० सालच्या फळाचा रंग नेमका असाच होता, हे आजच्या फळाकडे बघून कसं सांगणार?