दिसते ते सांगायचे कशाला? गेलिक खेळांच्या समालोचकांची कथा

#धागा #इतिहास

१/
१४ सप्टेंबर १९४७. न्यूयॉर्कमधील ‘पोलो ग्राउंड्स’ हे बेसबॉलचे मैदान. तेथे आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना चालू आहे, कॅव्हन विरुद्ध केरी. अटलांटिकपलीकडे आयर्लंडात रात्र झाली आहे आणि गावोगावी माणसे रेडिओभोवती दाटीने बसली आहेत. सामना ठरल्या वेळेपेक्षा उशिरा सुरू झालेला, आणि प्रक्षेपणासाठी घेतलेली तार तर ठरावीक वेळेपुरतीच. ती वेळ सरत आली तेव्हा सत्तावीस वर्षांचा समालोचक खेळाचे वर्णन करता करताच, तारेच्या वाटेवर कोठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाला विनवू लागला: अजून पाच मिनिटे द्या, पाचच मिनिटे. तार तुटली नाही. कॅव्हन जिंकल्याचे आयर्लंडने ऐकले.

२/
त्या तरुणाचे नाव मीहॉल ओ'हेअर. पुढे आयरिश दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या क्रीडाविभागाचा पहिला प्रमुखही तोच झाला. म्हणजे ज्याने एका देशाला कानांनी खेळ पाहायला शिकवले, त्याच्यावरच पुढे डोळ्यांनी पाहणाऱ्यांशी बोलण्याची वेळ आली. रेडिओवर समालोचक म्हणजे श्रोत्याचे डोळे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला डोळे आहेत. मग जे दिसतेच आहे ते सांगायला माणूस कशाला हवा? या प्रश्नाचे उत्तर आयर्लंडने कसे शोधले, ते आज पाहू.

३/
आधी खेळांची ओळख. प्रमुख गेलिक खेळ दोन, फुटबॉल आणि हर्लिंग. दोन्हींत बाजूस पंधरा खेळाडू. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही खेळता येतो. हर्लिंग पाहताना हॉकीची आठवण होते, पण येथे चेंडू बहुधा हवेतच असतो. ॲश लाकडाची वाकडी काठी आणि ‘स्लिटर’ नावाचा लहान, कातडी चेंडू. जोरकस फटक्यानंतर तो ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या काठीला आयरिश भाषेत ‘कमान’ म्हणतात! ‘काम’ म्हणजे वाकडे, त्यावरून. आपली कमान फारसीतून आली, तिचे याच्याशी नाते नाही. वाकडेपणा तेवढा दोघींत समान.

४/
गुणांची रीतही वेगळी. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, दोन उभ्या खांबांमधून गेला तर परंपरेने एक. धावफलकावर हे दोन आकडे वेगवेगळे लिहितात. १९४७ चा निकाल २-११ विरुद्ध २-७ असा होता, म्हणजे १७ विरुद्ध १३. समालोचकाला ही बेरीज धावत्या खेळात सतत मनात ठेवावी लागते, कारण दोन गुणांनी मागे असलेला संघ एका फटक्यात पुढे जाऊ शकतो. हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

५/
‘गेलिक ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातील हेज हॉटेलात स्थापन झाली. ब्रिटिश सत्तेखालील आयर्लंडात आपले खेळ जिवंत ठेवणे हा तिचा हेतू होता. म्हणूनच हे खेळ कधीच नुसते खेळ राहिले नाहीत. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना चालू असताना सरकारी दलांनी गोळीबार केला. १४ माणसे मृत्यू पावली. दोन वर्षांनी स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ यादवी युद्ध.

६/
आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. येथील खेळाडू हौशी असतो. त्याला पगार नाही, त्याची खरेदी-विक्री नाही. तो आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतालच्या वस्तीच्या, क्लबाकडून खेळतो आणि निवड झाली तर आपल्या काउंटीकडून. रविवारी ऐंशी हजारांसमोर खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवतो किंवा गाई दोहतो. प्रेक्षकांत त्याचे शेजारी असतात, त्याच्या आजोबांबरोबर खेळलेले म्हातारे असतात. नाव चुकवणारा समालोचक अशा लोकांच्या घरात टिकत नाही.

७/
२९ ऑगस्ट १९२६. ‘टू आर. एन.’ हे डब्लिनचे नभोवाणी केंद्र सुरू होऊन जेमतेम आठ महिने झालेले. त्या दिवशी किलकेनी आणि गॉलवे यांच्यातील हर्लिंगचा उपांत्य सामना क्रोक पार्कवरून थेट ऐकवला गेला. समालोचक होते पी. डी. मेहिगन, ‘कारबरी’ या टोपणनावाने लिहिणारे पत्रकार. मैदानी खेळाचे युरोपातील हे पहिले थेट समालोचन मानले जाते. ब्रिटनमध्ये बीबीसीने पहिला रग्बी सामना ऐकवला तो जानेवारी १९२७ मध्ये. तेव्हा श्रोत्यांसाठी मैदानाचे चौकोन पाडलेला नकाशा छापला होता आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे ते एक माणूस आकड्याने सांगत असे. हर्लिंगला तसला नकाशा काय पुरणार! आकडा उच्चारेपर्यंत चेंडू चार चौकोन ओलांडून गेलेला.

८/
ओ'हेअरचा जन्म १९२० चा, डब्लिनचा. वडिलांनी १९१४ मध्ये क्लेअर काउंटीच्या विजेत्या हर्लिंग संघाला तयार केले होते. या अठरा वर्षांच्या पोराने रेडिओला थेट पत्र लिहून संधी मागितली. चाचणी म्हणून एका सामन्यात पाच मिनिटे बोलायला दिले. ती ऐकून संचालकांनी त्याला उत्तरार्धभर बोलत राहायला सांगितले. १४ ऑगस्ट १९३८ रोजी मलिंगार येथील गॉलवे-मोनाहन उपांत्य सामन्याने त्याची कारकीर्द सुरू झाली. पुढची सत्तेचाळीस वर्षे आयर्लंडातील उन्हाळी रविवार म्हणजे त्याचा आवाज. रेडिओ घरोघरी नव्हते. ज्याच्याकडे होता तो खिडकी उघडून संच तिथे ठेवी आणि गल्ली अंगणात जमे.

९/
३१ डिसेंबर १९६१ रोजी आयरिश दूरचित्रवाणी सुरू झाली. १९६२ पासून अंतिम सामने पडद्यावर आले. तरीही दीर्घकाळ थेट दिसणारे सामने वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते; बाकीचे सामने संक्षेपाने दाखवणारा ‘द संडे गेम’ हा कार्यक्रम आला तो जुलै १९७९ मध्ये. म्हणजे बहुतेक प्रेक्षकांनी इतर काउंटींचे खेळाडू पूर्वी कधी पाहिलेलेच नसत. त्यांची नावे कानांना पाठ होती, चेहरे अनोळखी. पडद्यावर धूसर, काळ्यापांढऱ्या आकृत्या पळत आहेत. त्यांतला कोण कोणता? समालोचकाचे पडद्यावरचे काम येथे सापडले. काय घडले ते कॅमेरा दाखवतो. कोणी घडवले, हे माणसाला सांगावे लागते, आणि तेही निमिषात.

१०/
ओ'हेअरच्या या गुणाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला गेलिक खेळांबाहेरचा आहे. एप्रिल १९६७, इंग्लंडमधील ‘ग्रँड नॅशनल’ ही घोड्यांची अडथळा शर्यत; बीबीसीसाठी तो मार्गावरील एका टप्प्याचे वर्णन करत होता. तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वार गमावलेला एक घोडा आडवा धावला आणि जवळजवळ सगळे घोडे एकमेकांवर आदळले. त्या गोंधळातून एकच घोडा निसटला: फोइनाव्हन, ज्याच्यावर एकास शंभर भाव होता. कोणाच्या खिजगणतीत नसलेला तो घोडा ओ'हेअरने तत्क्षणी ओळखला. शर्यतीपूर्वी तो स्वारांच्या खोलीत गेला होता आणि ओळखीचे नसलेले रंग अंगावर असलेल्या स्वाराला त्याने विचारून ठेवले होते. प्रतिभा वगैरे ठीक. पण हा खरा तर गृहपाठाचा विजय.

११/
आता १९ सप्टेंबर १९८२. क्रोक पार्क, पाऊस. केरी सलग पाचवे फुटबॉल विजेतेपद जिंकायला निघालेले. असे तोवर कोणी केलेले नव्हते. दोनच मिनिटे उरली असताना केरी दोन गुणांनी पुढे आहे. ऑफलीकडून बदली खेळाडू म्हणून नुकताच उतरलेला शेमस डार्बी उंच आलेला चेंडू झेलतो, वळतो आणि जाळ्यात मारतो. वरची बेरीज आठवा: दोनने मागे असलेली ऑफली एकाने पुढे. अंतिम आकडे १-१५ विरुद्ध ०-१७. ओ'हेअरचे शब्द येथे फार साधे आहेत. गोल, ऑफलीचा गोल, एवढाच मथितार्थ. पण नुकत्याच मैदानात उतरलेल्या खेळाडूची ओळख आणि बदललेली बेरीज त्याच्याजवळ तयार होती, म्हणून आवाज अडखळला नाही. चार दशकांनंतरही तो गोल त्या आवाजाशिवाय कोणाला आठवत नाही.

१२/
त्याचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. मैदानात मारामारी झाली की तो तिला ‘शेमॉझल’ म्हणे, म्हणजे गंमतीदार गोंधळ. रेडिओच्या काळात या शब्दाने बरेच काही झाकले जाई, आणि यादवी नुकतीच विसरू पाहणाऱ्या देशात त्यामागे शहाणपण नव्हते असे म्हणवत नाही. पडद्यावर मात्र प्रेक्षक ठोसा पाहतो. १९८३ च्या फुटबॉल अंतिम सामन्यात चार खेळाडू बाहेर काढले गेले. अशा वेळी सौम्य शब्द आणि चित्र यांच्यात अंतर पडते आणि विश्वास शब्दावरचा उडतो.

१३/
आणखी एक गोष्ट त्याच्याकडून शिकण्यासारखी. नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींची हत्या झाली तेव्हा तो सुटीनिमित्त अमेरिकेत होता. अंत्ययात्रेचे सुमारे पाच तासांचे आयरिश समालोचन त्यालाच करावे लागले. केनेडी आयरिश वंशाचे, त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडला येऊन गेलेले, घराघरांत शोक. आरडाओरड्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाने ते पाच तास संयमाने निभावले. चित्र बोलत असताना आपण किती बोलावे, हे पडद्यावरचे सर्वांत अवघड गणित आहे.

१४/
ऑगस्ट १९८५ मध्ये पक्षाघाताने ओ'हेअरचे समालोचन थांबले. नव्याण्णव अंतिम सामने झाले होते. शंभरावा काही दिवसांवर होता. तो त्याला मिळाला नाही. १९८७ च्या अंतिम सामन्याला त्याच्या मुलाने त्याची चाकांची खुर्ची क्रोक पार्कच्या हिरवळीवर नेली, तेव्हा सगळे मैदान टाळ्यांनी उभे राहिले. १९९६ मध्ये त्याचे निधन झाले.

१५/
रेडिओवरील त्याची जागा घेणाऱ्याचे नावही मीहॉलच: मीहॉल ओ मुरहर्टी, केरीतील डिंगलजवळचा. १९४९ मध्ये शिक्षक होण्याचे शिक्षण घेत असताना तो आयरिश भाषेतील समालोचनाच्या चाचणीला गेला. सामना हर्लिंगचा, आणि त्याने हर्लिंग पूर्वी कधी पाहिलेच नव्हते! मैदानात ओळखीचा एकच खेळाडू होता. मग काय, चेंडू कोठेही असो, वर्णनात तो त्या ओळखीच्याकडेच जाऊ लागला. निवड झाली. (ही युक्ती पडद्यावर चालली नसती.)

१६/
पुढे तो नेमका उलट स्वभावाचा झाला: कोणीही अनोळखी राहू नये, असा. संघांच्या सरावाला जाऊन बसे; डब्लिनमध्ये राहणाऱ्या केरीच्या खेळाडूंना त्याने स्वतः सराव दिला. खेळाडूचे गाव, आईबाप, भावंडे यांची माहिती तो चेंडूच्या उड्डाणाएवढ्या वेळात सांगून मोकळा होई. कॉर्कच्या शॉन ओग ओ हॅल्पिनबद्दल त्याने केलेली टिप्पणी आयर्लंडात पोराटोरांना पाठ आहे: वडील फर्मानाचे, आई फिजीची, आणि दोन्ही ठिकाणे हर्लिंगचे बालेकिल्ले नव्हेत. हसू येते, पण त्या वाक्यात एक नवा आयर्लंडही दिसतो. फिजीत जन्मलेला तो मुलगा २००५ मध्ये कॉर्कचा विजेता कर्णधार झाला.

१७/
पडद्यावर पुढील दशके गेर कॅनिंग यांचा आवाज राहिला. त्यांची तुलना सतत ओ मुरहर्टीशी होई, आणि ती मला अन्यायाची वाटते. कोणाच्या आजोबांची गोष्ट रेडिओवर रंगते, कारण श्रोता मनात चित्र रेखाटत असतो. पडद्यावर तीच गोष्ट चालू असताना गोल झाला तर प्रेक्षक दात-ओठ खातो. पडद्यावरील समालोचकाला ती सगळी माहिती जवळ असावी लागते आणि त्यातील नऊ दशांश गिळावीही लागते.

१८/
ओळखण्याचे काम तर अधिकच कठीण झाले आहे. २०१० पासून हर्लिंगमध्ये शिरस्त्राण सक्तीचे आहे. चेहरे जाळीआड गेले. पाठीवरचा क्रमांक परंपरेने जागा दाखवतो, पण जाहीर झालेला संघ आणि मैदानात उतरणारा संघ हल्ली जुळतोच असे नाही. मग चाल, काठी धरण्याची ढब, शिरस्त्राणाचा रंग यांवरून माणूस ओळखायचा. एकाच संघात दोन-तीन सख्खे भाऊ असणे ही तेथील नित्याची गोष्ट, हेही विसरू नका.

१९/
श्रोतेही बदलले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या आयरिश भाषेच्या वाहिनीवर गोल ‘कूल’ होतो आणि गुण ‘कूलीन’. जेमतेम आयरिश येणारे लोकही हे समालोचन आवडीने ऐकतात, कारण नावे आणि आकडे कळले की खेळ कळतो. २०१४ मध्ये ब्रिटनमधील स्काय वाहिनीने सामने दाखवायला घेतले, तेव्हा पेच उलटा होता: नियम माहीत नसलेल्या नवख्याला समजावायचे आणि जन्मापासून खेळ जाणणाऱ्या केरीकराला कंटाळवायचे नाही, दोन्ही एकाच वाक्यात.

२०/
ओ मुरहर्टी २०१० मध्ये, ऐंशीव्या वर्षी निवृत्त झाला. जून २०२४ मध्ये गेला. त्याच्या काळात अनेक घरांत एक प्रथा होती: दूरचित्रवाणी लावायची, तिचा आवाज बंद करायचा आणि शेजारी रेडिओ सुरू ठेवायचा. चित्र एकाचे, शब्द दुसऱ्याचे. ही प्रथा अजून आहे, पण तिला नवे विघ्न आले आहे. अंकीय प्रक्षेपणामुळे चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते. रेडिओवर गोल होतो, घरातला म्हातारा टाळी वाजवतो, आणि पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावरच असतो.

(समाप्त)