कोरियाची फाळणी : नकाशावरील एक रेघ



दहावीच्या वर्गात दुसरे महायुद्ध शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, युद्ध हरला जपान, मग फाळणी कोरियाची का झाली?" प्रश्न बिनतोड होता. युरोपात आक्रमक जर्मनीचे तुकडे झाले, हे समजू शकते. आशियात मात्र आक्रमक देश अखंड राहिला आणि त्याच्या गुलामीतून सुटलेला देश दुभंगला. त्या दिवशी मी कशीबशी वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय.

आधी नकाशा उघडा. कोरियाच्या उत्तरेस यालू नदीपलीकडे चीनचा मांचुरिया, ईशान्य टोकास रशियाची चिंचोळी सरहद्द, आणि दक्षिणेस सामुद्रधुनी ओलांडली की जपान. बुसान बंदरापासून जपानचे त्सुशिमा बेट जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. हा द्वीपकल्प परक्याच्या हाती गेला तर आपल्यावर खंजीर रोखला जाईल, असे जपानला वाटे. चीनला तो आपल्या दाराचा अडसर वाटे, तर रशियाला पूर्वेस न गोठणारे बंदर हवे होते. देवमाशांच्या झुंजीत कोळंबीची पाठ मोडते, अशी कोरियन लोकांत म्हणच आहे.

तुकडे पाडण्याची कल्पनाही १९४५ सालची नव्हे. १५९२ साली जपानच्या हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. पुढल्याच वर्षी वाटाघाटीत त्याने दक्षिणेकडील चार प्रांत मागितले. १९०३ साली रशियाने जपानपुढे ३९ अक्षांशाच्या उत्तरेचा मुलूख तटस्थ ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही वेळा ज्यांचा देश त्यांना कोणी विचारले नाही.

मात्र सारा दोष परक्यांवर ढकलून चालणार नाही. १८९४ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा दरबाराने आपल्याच रयतेविरुद्ध चीनचे सैन्य बोलावले. त्या निमित्ताने जपानही उतरला, चीन हरला आणि जपानचा पाय रोवला गेला. १८९५ साली जपान्यांनी राजवाड्यात शिरून राणीचा खून केला. राजा गोजोंग जीव वाचवण्यासाठी रशियाच्या वकिलातीत वर्षभर राहिला. राजाने स्वतःच्या राजधानीत परक्याच्या घरी आसरा घ्यावा, याहून मोठी नामुष्की कोणती? १९०५ मध्ये रशियाही हरला. १९०७ साली गोजोंगचे दूत हेगच्या परिषदेत दाद मागण्यास गेले, पण त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. १९१० साली जपानने देशच गिळंकृत केला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑगस्ट १९४५ मध्ये रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच्या फौजा कोरियात शिरल्या. अमेरिकेचे सैन्य दूर होते. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क व चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांना सुमारे अर्ध्या तासात सीमा सुचवायची होती. जवळ होता तो नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा. राजधानी सेऊल आपल्याकडे राहावी, एवढ्याच हिशेबाने त्यांनी ३८ अक्षांशावर बोट ठेवले, आणि रशियाने ते निमूटपणे मान्य केले. जपानी सैन्याची शरणागती कोणी कोठे घ्यावी, एवढ्यापुरतीच ती रेघ होती. हजार वर्षे एकत्र नांदलेला देश तिने कापला.

१९४८ साली निवडणुकांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाचा आयोग गेला, त्याचे अध्यक्ष आपले के. पी. एस. मेनन होते. रशियाने आयोगाला उत्तरेत पाऊल ठेवू दिले नाही. मग दक्षिणेतच मतदान झाले आणि त्याच वर्षी दोन सरकारे उभी राहिली. २५ जून १९५० रोजी उत्तरेने आक्रमण केले, अमेरिका व चीन युद्धात उतरले आणि लाखो माणसे मेली.

या कहाणीत एक मराठी माणूसही आहे. १९५३ च्या युद्धबंदीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २३ हजार युद्धकैद्यांची राखण भारतीय सैन्याकडे आली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, तर राखणदार दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाय ठेवण्यास मनाई केली, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. पुढे कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या छावणीत शिरले आणि त्याला सोडवून आणले.

युद्धबंदी झाली, पण तहावर आजतागायत सह्या झालेल्या नाहीत. आजची सीमाही ३८ अक्षांशावर नाही, १९५३ साली सैन्ये जेथे थांबली तेथे ती तिरपी पडली आहे. जुन्या गोर्यो राज्याची राजधानी केसाँग युद्धापूर्वी दक्षिणेत होती, ती आज उत्तरेत आहे. पूर्व किनाऱ्यावरचे सोकचो उत्तरेत होते, ते आता दक्षिणेत आहे. तेथे उत्तरेतून आलेल्या निर्वासितांची एक वस्ती आहे. दोनचार महिन्यांत गावी परतू, या भरवशावर त्यांनी समुद्राकाठच्या वाळूवर झोपड्या बांधल्या होत्या.